आकाशातला एक आणा

२०१९ ते २०२३ या पाच वर्षांत जगभरात खासगी विमानांनी केलेली १ कोटी ८७ लाख उड्डाणे संशोधक स्टेफान गॉसलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासली. त्यांचा हिशेब असा: एकट्या २०२३ मध्ये या विमानांनी किमान १ कोटी ५६ लाख टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडला, म्हणजे सरासरी एका उड्डाणामागे ३.६ टन. भागाकार केला की वर्षाला सुमारे ४३ लाख उड्डाणे निघतात, दिवसाला जवळजवळ १२ हजार. दर सात सेकंदांना जगात कुठेतरी एक खासगी विमान धावपट्टी सोडते.

या अभ्यासातली विमाने होती २५,९९३ आणि त्यांतली ६८.७ टक्के अमेरिकेत नोंदलेली. खासगी विमानाने फिरणारे लोक अंदाजे २ लाख ५६ हजार, म्हणजे जगात लाखाला तिघे. त्यांची एकत्रित संपत्ती ३१ लाख कोटी डॉलर. माणसे अडीच लाख आणि विमाने २६ हजार, म्हणजे एका विमानामागे दहा माणसे. यातल्या बहुतेकांच्या दारात स्वतःचे विमान नाही, हे या भागाकारातूनच दिसते. ते विमान तासांवर भाड्याने घेतात, आगाऊ पैसे भरून तास घेऊन ठेवतात किंवा विमानाचा एक हिस्सा विकत घेतात. पहिल्या प्रकाराला चार्टर म्हणतात, दुसऱ्याला जेट कार्ड आणि तिसऱ्याला फ्रॅक्शनल ओनरशिप, म्हणजे हिस्सेवार मालकी.

कोणता प्रकार घ्यावा आणि कोणाकडून, हा प्रश्न गुळगुळीत कागदावरच्या जाहिराती चामड्याच्या खुर्च्या दाखवून सोडवू पाहतात. तो सुटतो मात्र आकड्यांनी. या आकड्यांत मला दिसते ते असे, की गिऱ्हाईक विमान विकत घेतच नाही. ते एक वचन विकत घेते, आणि ते वचन पाळायला लागणारा खर्च कोणालाही भोवळ आणील इतका मोठा आहे.

सोळा आण्यांचे विमान

वर्षाचे तास ८,७६०. हिस्सेवार मालकीच्या धंद्यात एका पूर्ण विमानाचे विकाऊ तास धरतात ८००. अमेरिकेच्या विमान वाहतूक नियमांनुसार पंख असलेल्या विमानाचा सोळाव्यापेक्षा लहान हिस्सा विकता येत नाही. सोळावा हिस्सा म्हणजे वर्षाला ५० तास, आठवा म्हणजे १००, पाव म्हणजे २००. आपल्या जुन्या मापात सांगायचे तर सर्वांत लहान हिस्सा एका आण्याचा.

आपल्याकडे सातबाऱ्यावर विहिरीतला चार आणे, दोन आणे हिस्सा लागतो आणि पाण्याची पाळी ठरते. सोमवार तुमचा, मंगळवार चुलत्याचा. आकाशातल्या आण्याला अशी पाळी नाही. कोणत्याही दिवशी, काही तास आधी फोन केला की विमान दारात आले पाहिजे, असे करारात लिहिलेले असते. सोळा जण, विमान एक, आणि पाळी कोणालाच नाही.

थोडे गणित करून पाहू. प्रत्येक हिस्सेदार आपले ५० तास दोन-दोन तासांच्या २५ प्रवासांत आणि २५ वेगवेगळ्या दिवशी वापरतो असे धरा. एखाद्या ठरावीक दिवशी त्याला विमान लागण्याची शक्यता ३६५ मध्ये २५. सोळा जण परस्परांशी न बोलता आपापले दिवस निवडत असतील, तर वर्षातले ११७ दिवस विमान कोणालाच नको असते, १३८ दिवस एकालाच हवे असते आणि ११० दिवस दोघांना किंवा त्याहून अधिक जणांना एकाच दिवशी हवे असते. एका विमानावर ८०० तास विकले, तर वर्षातून ११० दिवस वचन मोडण्याची भीती.

आता विमाने १०० करा आणि हिस्सेदार १,६००. रोजची सरासरी मागणी ११० उड्डाणांची. पण चढउतार शंभरपट होत नाही, तो मूळच्या दहापटच राहतो. मागणी ११० च्या आजूबाजूला दहा-वीसने हलते आणि १४० च्या वर जाण्याचा दिवस वर्षातून एखादाही येत नाही. १०० विमानांना दिवसाला १४० उड्डाणे करणे जड नाही. एका विमानाला अशक्य असलेली गोष्ट शंभर विमानांना नेहमीची होते.

हे सूत्र धंद्यात उतरवणारा माणूस गणितीच होता. रिचर्ड सँटुली गोल्डमन सॅक्समध्ये काम केलेले. १९८४ मध्ये त्यांनी एक्झिक्युटिव्ह जेट ही कंपनी विकत घेतली. १९६४ साली ओहायोतल्या कोलंबसमध्ये सुरू झालेली ही कंपनी. हिरोशिमावर बॉम्ब टाकणाऱ्या विमानाचे वैमानिक पॉल टिबेट्स काही काळ तिचे अध्यक्ष होते. कंपनीकडे वर्षानुवर्षांच्या उड्डाणांच्या नोंदी पडून होत्या. त्या नोंदींवरून किती हिस्सेदारांना किती विमाने पुरतील आणि हाताशी किती जास्तीची ठेवावी लागतील याचा हिशेब सँटुलींनी मांडला आणि १९८६ मध्ये नेटजेट्स ही योजना सुरू केली. आज तिच्या ताफ्यात हजाराहून अधिक विमाने आहेत. २०२३ मध्ये तिने १५ वर्षांत १,५०० पर्यंत सेसना सायटेशन विमाने घेण्याचा करार केला. तो पूर्ण वापरला गेला, तर दर ३.६५ दिवसांना एक नवे विमान.

गणितात एक गृहीत मात्र आहे: हिस्सेदार आपापले दिवस स्वतंत्रपणे निवडतात. माणसे तशी वागत नाहीत. अमेरिकेत थँक्सगिव्हिंगच्या सणाला सगळ्यांनाच घरी जायचे असते. २०२२ च्या कतारमधल्या फुटबॉल विश्वचषकाशी जोडलेली १,८४६ खासगी उड्डाणे गॉसलिंग यांच्या अभ्यासात मोजली गेली, तर २०२३ च्या दुबईतल्या हवामान परिषदेशी जोडलेली ६४४. म्हणून प्रत्येक करारात गर्दीच्या दिवसांची यादी असते. त्या दिवशी फोन बराच आधी करावा लागतो आणि निघण्याची वेळ काही तास मागेपुढे करण्याचा हक्क कंपनी राखून ठेवते. एखाद्याचे निम्मे प्रवास नेमके याच दिवसांचे असतील, तर त्याने विकत घेतलेल्या वचनाचा निम्मा भाग लंगडा आहे. करार हातात आला की यादी आधी वाचावी, किंमत नंतर.

एका सेकंदाचे २४७ रुपये

हिस्सेदाराला चार प्रकारे पैसे द्यावे लागतात: हिश्श्याची किंमत, दर महिन्याचे व्यवस्थापन शुल्क, उडालेल्या तासांचा दर आणि इंधनाचा अधिभार. जाहिरातीत बहुधा तिसरा आकडा मोठ्या टायपात असतो.

हिशेबाच्या सोयीसाठी एक नमुना घेऊ. विमान १ कोटी ६० लाख डॉलरचे, तर एका आण्याचे १० लाख डॉलर. डॉलरला ८५ रुपये धरले तर साडेआठ कोटी रुपये. करार पाच वर्षांचा. शेवटी कंपनी हिस्सा परत घेताना ६ लाख देते असे समजा, म्हणजे घसारा वर्षाला ८० हजार. व्यवस्थापन शुल्क महिन्याला १२ हजार, म्हणजे वर्षाला १ लाख ४४ हजार. तासाचा दर इंधनासह ५ हजार, म्हणून ५० तासांचे अडीच लाख. अडकलेल्या १० लाखांवर पाच टक्के व्याज बुडाले, ते ५० हजार. बेरीज ५ लाख २४ हजार डॉलर. तासाला १०,४८० डॉलर, म्हणजे ८ लाख ९० हजार रुपये. मिनिटाला सुमारे १४,८५० रुपये, सेकंदाला २४७.

आता याच माणसाने ५० ऐवजी ३० तासच उड्डाण केले, तर तासाचा भाव १४ हजार डॉलरच्या वर जातो. २० तास केले, तर १८,७००. बांधील खर्च विमान उडाले काय, न उडाले काय, चालूच राहतो. म्हणून या धंद्यात एक ढोबळ नियम सांगतात: वर्षाला २५ तासांपर्यंत चार्टर, २५ ते ५० मध्ये जेट कार्ड, ५० च्या पुढे हिस्सा आणि काहीशे तासांच्या पुढे स्वतःचे विमान. नियम चांगला आहे, पण तो अर्धाच आहे. उरलेला अर्धा भाग प्रवास कसा आहे यावर ठरतो.

चार्टरचे विमान तासाला ८ हजार डॉलरने मिळते असे समजा. तीन तासांचा एकेरी प्रवास आहे आणि आठवडाभर परतायचे नाही. विमान रिकामे परत जाणार, त्याचे पैसेही बहुधा गिऱ्हाईकच भरणार. तीन तासांचे बिल ४८ हजारांचे होते. हिस्सेदार फक्त स्वतः बसलेल्या तासांचे देतो, त्याचे ३१,४४० होतात. आता तोच प्रवास सकाळी जाऊन संध्याकाळी परतण्याचा करा. चार्टरचे ४८ हजारच राहतात आणि हिस्सेदाराचे ६२,८८० होतात. विमान तेच, अंतर तेच, पण निकाल उलटा. एकेरी प्रवास जास्त असतील त्याला हिस्सा परवडतो, त्याच दिवशी परतणाऱ्याला चार्टर. अमेरिकेत चार्टरच्या बिलावर साडेसात टक्के केंद्रीय कर लागतो. हिस्सेदाराला तो लागत नाही, त्याच्यावर इंधनाच्या गॅलनमागे १४.१ सेंटचा अधिभार असतो. तुलना करताना हाही फरक धरायला हवा.

हिस्सेदाराच्या रिकाम्या फेऱ्या कोणी फुकट करत नाही. युरोपातल्या अंदाजानुसार खासगी विमानांची पाचांतली दोन उड्डाणे प्रवाशांविनाच होतात. बसलेल्या तासांच्या दरात आणि महिन्याच्या शुल्कात हा खर्च आधीच मिसळलेला असतो.

बारा मिनिटे

करारातली सर्वांत साधी दिसणारी ओळ ही असते: प्रत्येक उड्डाणाला बारा मिनिटे जादा मोजली जातील, सहा निघताना धावपट्टीपर्यंत जाण्याची आणि सहा उतरल्यावर. दोन तासांच्या २५ उड्डाणांवर ही बारा मिनिटे पाच तास खातात. हिश्श्याचा दहावा भाग जमिनीवरच संपतो.

अर्ध्या तासाची उड्डाणे असतील तर प्रत्येकाचे बिल ४२ मिनिटांचे. ५० तासांत अशी ७१ उड्डाणे बसतात आणि त्यांत हवेतला वेळ भरतो साडेपस्तीस तास. करारात ‘किमान एक तास’ अशी अट असेल, तर ५० उड्डाणे आणि हवेत २५ तास. वरच्या नमुन्यातले १०,४८० डॉलर थेट २०,९६० होतात. विमान बदलले नाही, वैमानिक बदलला नाही, एका ओळीने भाव दुप्पट केला. म्हणून कंपनी निवडणाऱ्याने मागच्या वर्षीच्या आपल्या सगळ्या प्रवासांची यादी प्रत्येक कंपनीपुढे ठेवावी आणि नेमके हेच प्रवास तुमच्या करारात केले असते तर बिल किती झाले असते, हे लेखी मागावे. तासाच्या दरांची तुलना फसवी आहे. वर्षाच्या बिलांची तुलना फसवत नाही.

वचन देणाऱ्याची तिजोरी

१९९८ मध्ये गुंतवणूकदार वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवेने सँटुलींची कंपनी ७२ कोटी ५० लाख डॉलरना घेतली. बफे स्वतः १९९५ पासून तिचे गिऱ्हाईक होते. मंदी आली आणि २००९ या एका वर्षात नेटजेट्सला ७१ कोटी १० लाख डॉलरचा करपूर्व तोटा झाला. ज्या किमतीला कंपनी घेतली, जवळजवळ तेवढाच तोटा एका वर्षात. दिवसाला साडेएकोणीस लाख डॉलर, आपल्या हिशेबाने साडेसोळा कोटी रुपये. यातला मोठा भाग विमानांची पुस्तकी किंमत उतरवण्याचा होता. कर्ज खरेदीच्या वेळच्या १० कोटी २० लाखांवरून १९० कोटी डॉलरवर गेले होते. बर्कशायरने त्या कर्जाला हमी दिली नसती तर नेटजेट्स बंद पडली असती, असे बफे यांनीच भागधारकांना कळवले. हिस्सेदारांची विमाने मात्र उडत राहिली. त्यांना तारले ते मालकाच्या तिजोरीने, गणिताने नव्हे.

अशी तिजोरी मागे नसेल तर काय होते, तेही नोंदीत आहे. व्हील्स अप ही कंपनी २०२१ मध्ये शेअर बाजारात आली तेव्हा तिचे मूल्य सुमारे २१० कोटी डॉलर धरले होते. २०२२ मध्ये तिला ५५ कोटी ५० लाख डॉलरचा तोटा झाला. पुस्तकी तोटा त्यात धरलेला असला, तरी दिवसाला पंधरा लाख डॉलर. २०२३ च्या उन्हाळ्यात कंपनी दिवाळखोरीच्या काठावर आली आणि डेल्टा एअरलाइन्स व इतरांच्या ५० कोटी डॉलरच्या कर्जाने वाचली. सदस्यांनी पुढच्या उड्डाणांसाठी आगाऊ भरलेले पैसे तोवर कंपनीच्या हातात गेलेले होते. आगाऊ पैसे वेगळ्या विश्वस्त खात्यात ठेवलेले नसतील, तर कंपनी बुडाल्यावर गिऱ्हाईक घेणेकऱ्यांच्या रांगेत शेवटच्या टोकाला उभे राहते. जेट कार्ड घेणाऱ्याने सर्वांत आधी विचारायचा प्रश्न हाच आहे: माझे पैसे कोणाच्या नावावर पडून राहतील?

हिस्सेदाराला वाटते की आपल्याकडे निदान विमानाचा तुकडा तरी आहे. फ्लोरिडातली अव्हांटेअर २०१३ मध्ये बंद पडली तेव्हा तो तुकडाही तपासावा लागला. ही कंपनी पियाजिओ अवांती विमानांचे हिस्से विकत असे. दिवाळखोरीनंतर मालक आपापली विमाने बघायला गेले, तर एका विमानाचे भाग दुसऱ्याला लावलेले, काहींची इंजिने जागेवर नाहीत. कागदावर हिस्सा ठरावीक नोंदणी क्रमांकाच्या विमानाचा होता, प्रत्यक्षात ते विमान तुकड्यातुकड्यांनी इतरत्र उडत होते. सोळाव्या हिश्श्याच्या मालकाने देखभालीच्या नोंदी स्वतंत्र तज्ज्ञाकडून तपासून घेण्याचा हक्क करारात लिहून घेतलाच पाहिजे. पाच वर्षांनी हिस्सा परत घेतानाची ‘बाजारभावाने’ किंमत कोण ठरवणार आणि त्यातून विक्रीशुल्क किती कापणार, हेही तिथेच लिहून घ्यावे. नमुन्यातल्या १० लाखांच्या हिश्श्यात दहा टक्क्यांचा फरक म्हणजे एक लाख डॉलर, पाच वर्षांच्या एकूण खर्चात तासाला ४०० डॉलर.

स्वस्त तासाची किंमत

चार्टर विकणारे अनेक जण दलाल असतात, त्यांच्याकडे एकही विमान नसते. यात गैर काही नाही, पण विमान कोणाचे, परवाना कोणाचा आणि वैमानिक कोण हे त्यांनी उड्डाणाआधी लेखी सांगायला हवे. अमेरिकेत भाड्याने उडवणाऱ्याकडे विमान वाहतूक नियमांच्या पार्ट १३५ खालचे प्रमाणपत्र लागते आणि हिस्सेवार ताफ्याला पार्ट ९१ च्या के उपविभागाचे नियम लागतात. आर्गस आणि वायव्हर्न या संस्था त्यापुढची स्वतंत्र सुरक्षा तपासणी करतात. त्यांची श्रेणी कंपनीची आहे की केवळ दलालाची सदस्यता आहे, हे बघावे.

२१ जानेवारी २०१९ च्या रात्री फुटबॉलपटू एमिलियानो साला नाँतहून कार्डिफला निघाला. विमान एका इंजिनाचे पायपर मालिबू. वैमानिकाकडे व्यावसायिक परवाना नव्हता आणि रात्री उडवण्याची पात्रताही नव्हती. विमान इंग्लिश खाडीत कोसळले, दोघेही गेले. उड्डाण जमवून देणाऱ्या डेव्हिड हेंडरसनला २०२१ मध्ये अठरा महिन्यांची शिक्षा झाली. परवान्याचा क्रमांक मागायला एक मिनिट लागते. जो तो देताना घुटमळतो, त्याच्या विमानात पाऊल ठेवू नये.

बिलात नसलेला आकडा

या सेवेचा खरा उपयोग मी नाकारत नाही. अमेरिकेत सार्वजनिक वापराचे सुमारे ५,००० विमानतळ आहेत आणि प्रवासी विमान कंपन्या त्यांतल्या साधारण ५०० ठिकाणीच जातात. उरलेल्या ठिकाणी कारखाने आहेत, रुग्ण आहेत, अवयव प्रत्यारोपणाची घाई आहे. तिथे खासगी विमान तासांचे दिवस होऊ देत नाही.

पण सरासरी ३.६ टन हा आकडा कोणत्याच बिलावर छापलेला नसतो. भारतात माणशी वर्षाचे कार्बन उत्सर्जन सुमारे दोन टन आहे. म्हणजे खासगी विमानाचे एक सरासरी उड्डाण जवळजवळ दोन भारतीयांचे सबंध वर्ष. २०२३ चे १ कोटी ५६ लाख टन म्हणजे ७८ लाख भारतीयांचे वर्ष, २०११ च्या जनगणनेतल्या पुणे शहराच्या अडीचपट माणसांचे. आणि अभ्यासातली ४७.४ टक्के उड्डाणे ५०० किलोमीटरच्या आतली होती, साधारण मुंबई ते अकोला सरळ रेषेतल्या अंतराएवढी. जवळजवळ १९ टक्के २०० किलोमीटरच्या आतली. ४.७ टक्के तर ५० किलोमीटरच्याही आतली. वर्षाकाठी दोन लाख उड्डाणे मुंबई-कल्याणच्या अंतरात.

वरच्या नमुन्यातल्या हिस्सेदाराकडे या आकड्यांसह परत जाऊ. त्याची २५ उड्डाणे, म्हणजे सरासरीने ९० टन, ४५ भारतीयांचे वर्ष. त्याने रेल्वेने, मोटारीने किंवा नेहमीच्या विमानाने होणारे निम्मे प्रवास सोडले, तर ५० तासांचे २५ तास होतात आणि ढोबळ नियमानुसार तो हिस्सेदारीतून चार्टरच्या गटात येतो. २५ तासांचे ८ हजारांनी दोन लाख. प्रत्येक प्रवास एकेरी धरून रिकाम्या फेरीसह दुप्पट केले तर चार लाख, करासह ४ लाख ३० हजार. हिश्श्याच्या ५ लाख २४ हजारांपेक्षा तरीही ९४ हजार डॉलर कमी, शिवाय दहा लाख डॉलर कुठेही अडकलेले नाहीत.

म्हणून कंपनी निवडताना मी शेवटची कसोटी हीच लावीन. आपल्या वर्षभराच्या प्रवासांची यादी तिच्या माणसापुढे ठेवावी आणि मला किती तास लागतील असे विचारावे. यादीतल्या छोट्या फेऱ्यांवर बोट ठेवून ‘या काढा, तुम्हाला हिश्श्याची गरजच नाही’ असे जी कंपनी आपले कमिशन सोडून सांगेल, तिच्याच विमानात बसावे.